चांदमिया बसला म्हणून

चांदमियाचं नाव कुणी काढलं की माझ्या पोटात अजून दुखतं. माणूस जाऊन पुष्कळ वर्षं झाली, माझेही गुडघे आता बोलतात, तरी दुखायचं ते दुखतंच. परवा देवळाच्या पारावर चारजण बसले होते. बोलता बोलता एकजण म्हणाला, "आपला बाजार चांदचाचानं बसवला." मी तिथंच होतो. पाण्याच्या पुढं पळालेला मी, आणि माझ्या देखत हे कौतुक चाललेलं. बरं, भांडावं तर तो माणूस खोटंही बोलत नव्हता. मी काठी घेतली आणि घरी आलो.

मी डाकेचा हलकारा. मंगरूळहून थैला घ्यायचा आणि आसेगावला पोचवायचा, मधे आमचं गाव. खांद्यावर थैला, हातात घुंगरांची काठी. या सगळ्या मुलखात माझ्या पायांना जोड नव्हती. हे माझं मलाच सांगावं लागतं, कारण दुसरं कुणी सांगत नाही.

चांदमिया मण्यार होता. बांगड्या भरायचा. अंगानं भरलेला, मान आखूड, चाल अशी की त्याच्याबरोबर निघालेलं वासरूही कंटाळून पुढं जावं. त्याचं खरं रूप बसल्यावर दिसायचं. बाजारात आपल्या जागेवर आला की आधी तोंडानं फुंकर मारून धूळ उडवायचा, मग सतरंजी, मग "या अल्ला" म्हणून एकदा खाली गेला की संध्याकाळपर्यंत उठायचा नाही. त्याच्या पुढं बायांची रांग. तो एकेकीचा हात हातात घ्यायचा, बोटांची पेरं हळूहळू दाबायचा, आणि बोलायचा. सासूचं काय झालं, म्हैस व्याली का, माहेरचा माणूस येऊन गेला का. हात नरम पडेपर्यंत गप्पा, आणि बाईला कळायच्या आत बांगडी मनगटावर. कुणी घाई केली तर म्हणायचा, "हात काई पळून नाई जात, माय. बस."

एखादी बांगडी भरताना फुटली की बाईचा चेहरा उतरायचा. अशुभ ते अशुभ. पण तिनं काही म्हणायच्या आत हाच ओरडायचा, "मेलो! मेलो माय मी!" आणि छाती धरून असा मागं कलंडायचा की बाई हसत सुटायची. हसल्यावर मग अशुभ कुठलं राहतं?

माझी बायको दुसऱ्या मण्याराकडून बांगड्या भरत नसे. एकदा कारंज्याहून मी तिच्यासाठी मुद्दाम चांगल्या बांगड्या आणल्या, वाटेत एकही फुटू दिली नाही. म्हटलं, आण हात, मीच भरतो. दोन बांगड्यांतच तिनं हात ओढून घेतला. म्हणाली, "तुमी हात धरला का वैद्यानं नाडी पाह्यल्यावाणी वाटते. चांदभाईकडून भरून घेईन." आणि माझ्या बांगड्या घेऊन ती त्याच्याकडे गेली! त्यानं त्या भरून दिल्या आणि वर "किसनाची पसंती झ्याक हाये" असा निरोपही पाठवला. त्या रात्रीचं जेवण मला गेलं नाही.

पोळ्याला आमच्या गावात धावण्याची शर्यत असे. वेशीपासून नदीकाठच्या लिंबापर्यंत. मी दरसाल पहिला. एका वर्षी आसेगावचा एक पहिलवान गडी मुद्दाम मला हरवायला आला होता. मी जीव तोडून पळालो, त्याला इतका मागं टाकला की मला त्याचे पायही ऐकू येईनात. लिंबाखाली पोचलो तर सगळ्या गावाची माझ्याकडे पाठ. चांदमिया मधे बसून कुणाच्या तरी अडेल बैलाची नक्कल करत होता आणि लोक पोट धरून हसत होते. मी जिंकल्याचं कुणी पाहिलंच नाही. शेवटी त्या आसेगावच्या गड्यालाच सांगावं लागलं की हा पहिला आला. भला माणूस होता तो.

आता त्या दिवसाचं सांगतो.

आमचा आठवडी बाजार नदीच्या पात्रात भरायचा. पावसाळ्यात चार टोपल्या वेशीत बसत, पण एरवी सगळा बाजार खाली रेतीत. सपाट जागा, बैलांना डबक्याचं पाणी, दोन्ही काठांची सावली. प्रत्येकाची जागा बापाकडून आलेली. माझा थोरला भाऊ मारोती मळ्यातली वांगी-कांदे घेऊन बसायचा, त्या जागी आधी आमचा बाप बसत होता, त्याच्या आधी आजा.

वैशाखातला बाजार. आमच्याकडे आभाळ लख्ख. वर डोंगराकडे मात्र सकाळपासून काळं दिसत होतं, तिकडं लक्ष कोण देतो? मी थैला घेऊन काठाकाठानं येत होतो. मागून गाडीसारखा आवाज आला म्हणून वळून पाहिलं, तर वळणावरून पाण्याची गढूळ भिंत येत होती, तिच्यावर झाडाच्या फांद्या, काटक्या, एक मेलेलं डुक्कर.

मी पळालो. आयुष्यात तसा पुन्हा कधी पळालो नाही. पाणी वळणा-वळणानं येत होतं, मी शेतं तुडवत सरळ. काठावर आलो तेव्हा खाली बाजार फुललेला. मी ओरडलो, काठी हलवली. पण माझी घुंगरं रोजचीच. लोकांना वाटलं, डाक आली. काहींनी माझं तोंड पाहिलं आणि ते उठले, पोरंबाळं घेऊन वर धावले. बाकीचे हसून पाहत राहिले. मारोतीनं मला हात केला आणि ओरडला, "थांब ना किसना, घरी वांगे घेऊन जा!"

मी थैला टाकून खाली झेप घेणार तोच दोघांनी मला मागून धरलं. मग पाणी आलं.

चांदमिया कसा वाचला, ऐका. तो नेहमीसारखा उशिरा निघाला होता. काठावर एका म्हातारीशी तिच्या जावयाबद्दल बोलत उभा होता, खाली उतरलाच नव्हता. पाणी आलं तसा तो कडेला बाभळीच्या मुळाला हात घालून बसला आणि दुसरा हात खाली सोडला. एवढं धूड, हलणार कुठं? माणसं त्याच्या हाताला धरून वर आली. त्याचा खांदा निखळला तरी त्यानं हात वर घेतला नाही. पुढं गाव तेच सांगत राहिलं. त्याच्या हाताला धरून कोण कोण वर आलं, हे आजही नावानिशी सांगतात. माझी घुंगरं ऐकून वर कोण आलं, हे कुणी सांगत नाही. त्यांना वाटतं ते आपलेआपच वर आले.

मारोती पुढच्या गावाजवळ सापडला.

त्यानंतर मी किती पळालो ते माझे पाय जाणतात. मंगरूळला वर्दी दिली. आसेगावला जाऊन धान्य मागितलं, त्यांनी गाड्या भरून दिलं. ज्या गावांची माणसं आमच्या बाजारात गेली होती तिथं सांगायला गेलो. प्रत्येक दारात मला पाहताच बाया रडू लागायच्या, मी तोंड उघडायच्या आत. मला वाटायचं, गाव पुन्हा उभं राहायचं तर असंच, कुणीतरी पळालं पाहिजे. धान्य आलं, लाकूड आलं, छपरं शाकारली गेली. पावसाळा कसाबसा गेला. पण बाजार काही बसेना.

आमच्या फुलचंद शेठनी, ते गावातले मोठे किराणा दुकानदार आणि पंचही, दसऱ्यानंतर बाजार वर माळावर घेतला. चांगलंच केलं. नदीत आता कुणी उतरलं नसतं. जागा वाटताना भांडणं नकोत म्हणून पात्रातल्या होत्या तशाच रांगा आखल्या, ज्याच्या शेजारी जो होता तोच. आणि जे गेले त्यांच्या जागा तशाच ठेवायच्या असं ठरलं. तिथं चुन्यानं रंगवलेला एकेक धोंडा. मेलेल्याच्या जागी बसायचं नाही. हिंदू असो, मुसलमान असो, जैन असो, धोंडा सारखाच. सगळ्यांना ते पटलं. मलाही पटलं. मारोतीचा धोंडा मी स्वतः रंगवला.

पण झालं काय, प्रत्येक रांगेत मधेच पांढरा धोंडा. माणसं पिशवी घेऊन यायची, धोंड्यापाशी थांबायची, डोळ्याला पदर लावायची आणि रिकाम्या पिशवीनं परत जायची. कांदे घ्यायला आलेली बाई मारोतीच्या धोंड्यापुढं उभी राहिल्यावर शेजारच्याकडून कांदे कशी घेणार? तिला ते मारोतीला सोडून गेल्यासारखं वाटे. विकणाऱ्यांच्या तोंडूनही आवाज फुटेना. कारंज्याचे धान्याचे व्यापारी दोन-तीनदा आले आणि म्हणाले, शेठ, हा बाजार नाही, हे कबरस्तान आहे. ते यायचे थांबले. ज्यांच्याकडे बैलगाडी होती ते मंगरूळला जाऊ लागले. पण टोपलीभर भाजीवर घर चालवणारी बाई काय डोक्यावर टोपली घेऊन मंगरूळपर्यंत जाणार? दोन घरं गाव सोडून गेलीसुद्धा. हिवाळा संपेपर्यंत बाजार मोडणार, आणि बाजार गेला की मागोमाग गाव जाणार, हे सगळ्यांना दिसत होतं. धोंडे उचला असं म्हणायची मात्र कुणाची छाती नव्हती.

अशा एका बाजाराच्या दिवशी मी डाक घेऊन माळावर आलो, तर मिरच्यांच्या रांगेत गलका. सखूबाई मिरचीवाली पुरात गेली होती. तिच्या धोंड्याला टेकून, मिरच्यांचा ढीग पुढं घेऊन, चांदमिया बसला होता. मिरच्याही तिच्याच घरच्या, सुनेकडून मागून आणलेल्या.

फुलचंद शेठ धावत आले. "चांदभाई, उठा. हे काय करून राह्यले तुमी? लोक काय म्हणतीन?"

"शेठ, हा धोंडा उनात एकटाच बसून राह्यला," चांदमिया म्हणाला. "मी जरासा सोबतीले बसलो."

आणि विकू लागला. विकणं कसलं! मिरचीचा हात डोळ्याला लावायचा, भसाभसा शिंकायचा, तागडी उलटी धरायचा. लवंगी मिरची आहे का म्हणून विचारलं तर "खाऊन पाहा ना जी" म्हणून स्वतःच एक चावली आणि तोंड उघडं टाकून बसला. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. पुरानंतर पहिल्यांदा त्या माळावर कुणीतरी हसलं. मग दुसरं हसलं.

सखूबाईचा मुलगा गोविंदा हातात काठी घेऊन आला. मला वाटलं आता डोकंच फुटतं. "ऊठ चाचा! माह्या मायच्या जाग्यावर तमाशा लावला का? माही माय अशी विके का?"

"मंग कशी विके?" चांदमियानं नाक पुसत विचारलं. "मले कोनं शिकवलं हाये बाबू? दाखव ना."

गोविंदा दाखवायला बसला. दांडीची मिरची इकडं, फुटकी तिकडं, ढिगावर हात कसा फिरवायचा ते. तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं. ते गेलं आणि दुसरं आलं. थोड्या वेळानं गोविंदानं मान वर केली तर चांदमिया तिथं नव्हता. टोपली कलंडत होती म्हणून गोविंदानं तिला तो धोंडा टेकण दिला.

पुढच्या बाजारी चांदमिया एका दोरखंडवाल्याच्या जागी. कासऱ्याच्या अशा गाठी मारून ठेवल्या की दोरवाल्याचा बाप, जो खाटेवरून उठत नव्हता, तो शिव्या देत आला आणि गाठी सोडवत बसला. त्याच्या पुढच्या बाजारी मडक्यांच्या रांगेत. तिथं तर त्यानं मडकी इतकी प्रेमानं वाजवून दाखवली की कुंभाराच्या पोरीनं त्याला हाताला धरून उठवलं.

ही त्याची कळ मी दुसऱ्याच बाजारी ओळखली. गावाला वाटत होतं, बिचाऱ्याला जमत नाही. मी एकट्यानं ओळखलं, आणि त्याचंही कौतुक कुणाला नाही. शेठना सांगितलं तर म्हणाले, "असं का? मंग तर लयच भला माणूस हाये."

शेवटी राहिली मारोतीची जागा.

माझी वहिनी यशोदा तेराव्यानंतर बोलायची बंद झाली होती. मळ्यात राबायची, चूल पेटवायची, पण तोंडातून शब्द नाही. मी काय केलं नाही? तिच्या बहिणीला आणून ठेवली. मंगरूळहून वैद्य आणला. रोज डाक पोचवून आलो की तिच्या ओट्यासमोर उभा राहायचो, "वहिनी, काही पाह्यजे का?" ती मान हलवायची. दीर म्हणून यापुढं मला बोलताही येत नव्हतं.

एका सकाळी चांदमिया दारात. "किसना, मारोतीच्या मळ्यातले वांगे दे. उद्या बाजार हाये."

माझं डोकंच फिरलं. "नाई देत. तुही कळ मले समजते, चांदभाई. साऱ्याइले असंच फसवून बसवलं तू. माह्या घरात ते चालनार नाई."

तो काही रागावला नाही. "समजते ना तुले? बरं झालं. मंग तूच बस."

"मले डाक हाये."

"हाव, तुले डाक हाये," तो म्हणाला, आणि माझ्या ओट्यावर बसला. बसला म्हणजे बसलाच. मी थैला आणायला निघालो तरी तो तिथंच. वळून पाहिलं तर वहिनी शेजारच्या तिच्या घरातून वांग्यांची टोपली घेऊन आली होती. तिनं ती त्याच्यापुढं ठेवली आणि परत गेली. माझ्यापुढं तिनं पाण्याचा तांब्याही कधी ठेवला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी मंगरूळहून इतका पळत आलो की छाती फुटायला आली. मला ते पाहायचं होतं. खरं सांगायचं तर ते फसावं असंही वाटत होतं आणि फसू नये असंही.

मारोतीच्या धोंड्याशेजारी चांदमिया, पुढं वांगी. वहिनी मागं लांब बाभळीखाली पदर ओढून उभी. चांदमिया एकेक वांगं हातात घ्यायचा आणि बायांच्या बोटांची पेरं दाबायचा तसं हलक्या हातानं गोल गोल दाबत बसायचा, बोलत बसायचा. "या जी, पाहा किती नरम." नरम म्हणजे, दाबून दाबून त्यानंच नरम केलेलं. एक बाई म्हणाली, "चाचा, हे वांगं हाये का भरीत?" त्यानं ते बाजूला ठेवलं आणि दुसरं दाबायला घेतलं. मारोती वांगी पहाटेचं दहिवर असतानाच तोडायचा, देठाला धरून टोपलीत अशी मांडायचा की एकावर दुसऱ्याचा ओरखडा नको. ती सगळी वांगी त्या माणसाच्या हातात मऊ पडत चालली होती.

"चांदभाई!"

मी तो आवाज आधी ओळखलाच नाही. चिरकलेला, वापरात नसलेला.

"देठाले धरा ना! पोट काहून दाबून राह्यले? माहा हात हाये का ते?"

सगळ्या रांगेनं वळून पाहिलं. वहिनी चार पावलं पुढं आली होती. तिनं रागानं हात पुढं केला होता, तो तसाच राहिला. त्या हातात बांगड्या नव्हत्या. बोलून गेल्यावर तिच्या ते ध्यानात आलं, आणि आमच्याही.

चांदमियानं वांगं खाली ठेवलं. "तुहा हात मले याद हाये, बहीण," तो म्हणाला. आणि सतरंजी उचलून बाजूला सरकला.

वहिनी बसली. दबलेली वांगी निवडून वेगळी केली, बाकीची देठं वर करून मांडली, आणि समोरच्या बाईला विचारलं, "किती देऊ?"

आनंद झाला का? झाला. डोळ्याला धार लागली होती, लोकांना वाटलं पळाल्याचा घाम. पण ज्या आवाजासाठी मी एवढे महिने तिच्या ओट्यासमोर उभा राहिलो, तो पहिल्यांदा निघाला तो त्याच्यासाठी, हेही खरंच. ते मला तेव्हा सोसलं नाही, आताही सोसत नाही.

बाजार बसला. कारंज्याचे व्यापारी परत आले. त्यांच्याबरोबर एक तरुण मण्यारही आला आणि चांदमियाच्या मोकळ्या जागेवर दुकान मांडून बसला. त्याला कोण काय म्हणणार? हा तर महिनोन्महिने दुसऱ्यांच्या जागी बसलेला. चांदमियानंही जागा परत मागितली नाही. खांदा दुखायचा, डोळेही मंदावले होते. पुढं तो कारंज्याला मुलीकडे राहायला गेला आणि तिथंच गेला.

जायच्या आधीच्या बाजारात मी त्याला शेवटचं पाहिलं. मी डाक घेऊन आलो तेव्हा तो रांगांच्या तोंडाशी उभा होता, बांगड्यांची माळ खांद्यावर, कुठं बसावं असं बघत. त्याला पाहिल्याबरोबर मिरच्यांकडून गोविंदा ओरडला, "चाचा, इकडं!" दोरवाल्याच्या बापानं दोर गोळा केले. कुंभाराच्या पोरीनं मडकी मागं घेतली. ज्या त्या रांगेतून "इथं या", "इथं बसा". तो मधे उभा राहून हसत होता. "अरे, कुठं कुठं बसू बाप्पा?"

मग त्यानं मला पाहिलं. "ये किसना. बस ना बे जराशे. मीबी बसतो."

मी डाकेत कधी थांबलो नव्हतो. पण त्या दिवशी काय झालं कोण जाणे, पाय थांबले. वाटलं, बसावं. थैला खांद्यावरून उतरवला. समोर वहिनीनं मला थांबलेलं पाहिलं. तिनं टोपली सरकवली, पोत्याचा तुकडा झटकून शेजारी अंथरला. मी तिच्याकडे निघालो. दोन पावलं गेलो असेन.

"या, चांदभाई," ती माझ्या मागं बघत म्हणाली.

मी थैला उचलला आणि आसेगावच्या वाटेला लागलो.